रेफरी, काय वो!

मला निरोप द्यायला आलेला माणूस माझ्याआधीच निघून गेला. कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर पुण्याची गाडी अजून लागायची होती आणि माझा थोरला भाऊ उत्तम सारखा घड्याळाकडं बघत होता, कारण दुपारी त्याची मॅच होती. अंगात गोलकीपरची हिरवी जर्सी, खाली हाफ पँट, पायात फुटबॉलचे बूट. त्या बुटांचा फरशीवर खटखट आवाज होई आणि बाकड्यांवरची माणसं मान वळवून बघत. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नवं लग्न झालेली बहीण परदेशी निघालीय आणि भाऊ असा सर्कशीतून पळून आल्यासारखा! आई घरी दही-साखर द्यायची विसरली होती, म्हणून वाटी पदराखाली झाकून स्टँडवर घेऊन आली होती. एकंदरीत आमचं कुटुंब बघण्यासारखं दिसत असणार.

"जा बिनधास्त," उत्तम म्हणाला. "मी हाय की हितं आईजवळ." मग माझ्या डोक्यात एक टपली मारली, बॅगा गाडीच्या टपावर जातील अशी व्यवस्था एका हमालाशी बोलून केली आणि खटखट करत गर्दीत गेला. गाडी सुटली तेव्हा खिडकीशी एकटी आई होती. "मागं वळून बघू नगंस," ती म्हणाली. मी आज्ञाधारक मुलगी. नाही बघितलं.

कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती, तांबडा रस्सा आणि चपला आठवतात. फुटबॉल म्हटलं की पुण्याची माणसं हसतात. माझा नवरा मिलिंद पुण्याचा, त्यामुळे तोही हसला होता. त्याला आणखी एका गोष्टीचं हसू यायचं. आमच्याकडच्या बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात, त्यावरून लग्नानंतर कितीतरी दिवस तो मला विचारायचा, "आज तू येतेस की येतोस?" मी लवकरच 'येते-जाते' शिकले. फुटबॉलचं मात्र त्याला कधी पटवून देता आलं नाही. पेठेपेठेचे, तालमीतालमीचे संघ, आमच्या तालमीचा एक संघ, मॅचच्या दिवशी बंद होणारी दुकानं, हलगीचा कडकडाट, पोलीस बंदोबस्त, हरलेल्या पेठेत न पेटलेल्या चुली, हे सगळं मी सांगायचे आणि तो म्हणायचा, "आणि रणजीला किती लोक येतात तुमच्याकडे?"

आमचं घर स्टेडियमपासून दोन गल्ल्या सोडून. मॅच असली की पेठेतले पुरुष आत आणि बायका गच्च्यांवर. गच्चीवरून मैदान दिसत नसे, पण ऐकू सगळं यायचं. आई जन्मात कधी स्टेडियमच्या आत गेली नव्हती, तरी पापड वाळत घालता घालता नुसत्या आवाजावरून मॅच सांगायची. "हुकला." "कॉर्नर मिळाला बघ." "ह्ये भांडान हाय, गोल न्हवं." कधी चुकली नाही. वडील आमच्या लहानपणीच वारले. उत्तम शाळा सोडून उद्यमनगरात लेथवर लागला, माझं शिक्षण त्यानं केलं. आठवडाभर तो आईचा आणि माझा असायचा. मॅचच्या दिवशी मात्र पेठेचा. त्या दिवशी त्याच्याशी आमचा संबंध फक्त आवाजातून यायचा.

एका मॅचमध्ये रेफरीनं आमच्या विरुद्ध भलतीच पेनल्टी दिली. एरवी अशा वेळी शिव्या पडायच्या, चपला पडायच्या. उत्तम म्हणे गोल सोडून सावकाश पुढं आला, दोन्ही हात पसरले, आणि सासुरवाडीत मानपान चुकल्यावर थोरल्या जावयानं विचारावं तशा दुखावलेल्या, अदबशीर आवाजात म्हणाला, "रेफरी, काय वो!" सगळ्या गॅलरीतून हास्याचा असा लोट आला की गच्चीवर आईनंही पापड सोडून मान वर केली. तेव्हापासून ते पेठेचं ब्रीदच झालं. निर्णय विरुद्ध गेला की आधी उत्तमचा एकट्याचा आवाज निघायचा, आणि अर्ध्या श्वासानं मागून हजारो गळे: "रेफरी… काय वो!" 'रेफरी' चढत जाणारं, मग एक थांबा, आणि 'काय वो' धाडकन खाली. आई म्हणायची, "आलं बघ आपलं येडं."

सिंगापूरला आम्ही वुडलँड्समध्ये फ्लॅट भाड्यानं घेतला, कारण तिथं भाडं कमी. मिलिंद बँकेत, एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, तासभर लांब. मला सेम्बावांगला शिपयार्डाजवळच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये नोकरी लागली. गाव स्वच्छ, माणसं भली, नळाला चोवीस तास पाणी. तक्रार करायला जागाच नाही, आणि तक्रारीवाचून कोल्हापूरच्या माणसानं जगायचं कसं? मला सगळ्यात जास्त खुपली ती शांतता. लिफ्टमध्ये माणसं बोलत नाहीत, गाडीत बोलत नाहीत. कुणी कुणाला खिडकीतून हाक मारत नाही. मी हळूहळू हळू बोलायला शिकले. दर रविवारी कॉलिंग कार्डवरून घरी फोन लावायचा, आईशी जेवलीस-खाल्लीस झालं की उत्तम फोन हिसकावून घ्यायचा आणि संपूर्ण मॅच सांगायचा. कार्ड संपायचं तेव्हा बहुतेक वेळा मॅचचं मध्यंतर झालेलं असायचं.

मला सातवा महिना होता. सारखं काहीतरी दुखत होतं, म्हणून डॉक्टरनं अंथरुणाला खिळवून ठेवलं होतं, जिना उतरायचीही बंदी. एके दिवशी फोन वाजला. रविवार नव्हता. चुलतभाऊ होता. म्हणाला, "ताई, दादा गेला."

मी विचारलं, "कुठं गेला?"

आता ऐकून हसू येईल, पण तेव्हा खरंच वाटलं, मिरजेला किंवा सांगलीला टुर्नामेंटला गेला असेल, जाताना निरोप ठेवला असेल. आपल्या भाषेत मेलेल्या माणसाला कुणी मेला म्हणत नाही. गेला, नाही राहिला, सोडून गेला. दुधाला गेलेलाही गेलाच आणि तोही गेलाच. तसं पाहिलं तर मीसुद्धा गेलेच होते. चुलतभाऊ पलीकडं नुसता रडायला लागला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण डोक्यातच. तापाचं निमित्त झालं म्हणे. ताप डोक्यात गेला. विमानात बसायची परवानगी मिळणं शक्यच नव्हतं. मिलिंद म्हणाला, मी जाऊन येतो. मला एकटीला सोडून त्यालाही जाता येईना. मी पलंगावर पडून छताकडं बघत राहिले. तिकडं त्याला नेलं, दहावं झालं, तेरावं झालं. मी काहीच बघितलं नाही.

मुलगी झाली, तिचं नाव सई ठेवलं. ती प्रवासाजोगी झाल्यावर कोल्हापूरला गेले. वाटलं होतं, घरात पाऊल टाकलं की रडू फुटेल. पण घरात रडण्यासारखं काही नव्हतंच. आईनं फोटो लावू दिला नव्हता. त्याची स्कूटर अंगणात, पुसलेली. बूट फळीवर. आई त्याचं नाव घेत नव्हती आणि दुसऱ्या कुणी घेतलं तर उठून आत जायची. ती एकदाही रडली नाही, असं चुलतीनं मला कानात सांगितलं, "माणूस दगड हुतंय बघ अशानं." फुटबॉलचा सीझन सुरू झाला की आई घराला कुलूप लावून मिरजेला मावशीकडं जाऊन राहायची, शेवटची मॅच झाल्यावर परत. मी ज्या दिवशी निघाले, त्या संध्याकाळीसुद्धा मला वाटत होतं की तो सरावाहून यायच्या वेळी मी निघतेय आणि पुन्हा एकदा आमची चुकामूक होणार.

आमच्या मजल्यावर रहीम अंकल राहायचे. आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेले, फुटबॉलचे निस्सीम भक्त. त्यांची बायको गुडघ्यांमुळं मॅचला येईनाशी झाली आणि एक तिकीट उरायला लागलं. एकदा कॉरिडॉरमध्ये कपडे वाळत घालताना मी बोलता बोलता म्हटलं, माझा भाऊ गोलकीपर आहे. 'आहे' म्हटलं. ते एकदम खुलले. "देन यू मस्ट कम लाह, सिस्टर! टिकट वेस्ट ओन्ली." इथं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावतात, आपल्या 'की'सारखं. मिलिंदनं सईला सांभाळायची तयारी दाखवली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल मैदानाच्या आत जायला निघाले. लहानपणापासून ज्याच्या बाहेर उभी होते त्याच्या आत जायला मला सिंगापूरच्या कलांग स्टेडियमपर्यंत यावं लागलं.

कलांग स्टेशनवर गाडी रिकामी झाली तेव्हाच मला काहीतरी वेगळं जाणवलं. ही तीच एमआरटीतली माणसं, पण बोलत होती! लाल शर्ट, गालावर रंग, हातात फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या एकमेकांवर आपटत चाललेली. वाटेवर एक तमिळ म्हातारा कागदाच्या पुड्यांतून शेंगदाणे-फुटाणे विकत होता. इथे त्याला काचांग पुतिह म्हणतात, पण पुडी आपलीच, टोकदार. आत बाकांवर माणसांनी टिश्यूची पाकिटं ठेवून जागा धरल्या होत्या, आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो तशा. आणि मग तो आवाज. पन्नासेक हजार माणसं एकदम पाय आपटायला लागली की बाकातून थरथर चढून पाठीच्या कण्यात येते. अंकल अभिमानानं म्हणाले, "धिस वन, कलांग रोअर." मी मान डोलावली. मला कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती.

मध्यंतराच्या थोडं आधी रेफरीनं सिंगापूरच्या विरुद्ध फाउल दिला. गॅलरीत एक गुरगुर उठली. आणि मग समोरच्या कोपऱ्यातून एक आवाज चढत आला आणि त्याच्या मागून सगळं स्टेडियम: "रेफरीऽ… काय वो!"

मी उभी राहिले. पुडी हातातून पडली. चढणारं 'रेफरी', थांबा, आणि धाडकन 'काय वो'. पुन्हा. आणखी एकदा. मलाय, चिनी, तमिळ माणसं, म्हातारी-कोतारी, शाळेतल्या पोरी, सगळे माझ्या भावाच्या शब्दांत रेफरीला जाब विचारत होते. मी अंकलना विचारलं, हे काय म्हणतायत? कसं येतं यांना हे?

"कायू," अंकल म्हणाले. "मलाय वर्ड. कायू मीन्स वुड. रेफरी हेड ऑल वुड, लाह!" आणि त्यांनी आपल्या टाळक्यावर टकटक करून दाखवलं.

म्हणजे लाकूड. रेफरी ठोकळा आहे. बरोबर आहे, मला कळलं. पण कळून काय उपयोग? कानांनी ऐकलं ते ऐकलं. त्या आवाजात एक आवाज बाकीच्यांच्या अर्धा श्वास आधी निघत होता, आणि तो मला घरचा होता.

पुढची दोन-तीन वर्षं मी एकही मॅच चुकवली नाही. मिलिंदला वाटायचं, शेवटी कोल्हापूरचं पाणीच ते, उफाळून येणारच. मी त्याला तसं वाटू दिलं. खरं म्हणजे मला मॅचशी काही देणंघेणं नव्हतं. कोण जिंकलं हे मला कधी कधी अंकलना विचारून घ्यावं लागायचं. मी जायची ती रेफरी चुकण्याची वाट बघायला. चांगला रेफरी असला की माझी संध्याकाळ फुकट. वाईट असला तर मी डोळे मिटून तो अर्धा श्वास आधी निघणारा आवाज कुठून येतो ते शोधायची. कधी उजवीकडून, कधी पाठीमागून वरच्या रांगेतून. मागं वळलं की तिथं कुणी नाही, नुसती गर्दी. मी मनात त्याच्याशी बोलायची. सईला दात आले रे. आई मिरजेला गेलीय. एकदा उत्तमसारख्याच लांब पाठीच्या, किंचित वाकून चालणाऱ्या माणसाच्या मागं मी जिन्यावरून, गेटमधून, पार बस स्टॉपपर्यंत गेले. त्यानं वळून बघितलं. विशीतला मलाय पोरगा होता, करी पफ खात होता. घाबरून म्हणाला, "ऑन्टी, ओके ऑर नॉट?" मी ओके म्हटलं आणि घरी येऊन भात लावला.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. वेड लागलंय म्हणाले असते. आणि खरं सांगायचं तर कुणी ते वेड काढून घेईल याचीच जास्त भीती होती. त्यात बातमी आली की हे जुनं स्टेडियम बंद होणार, पाडून नवं बांधणार. अंकल हळहळले. मला रात्ररात्र झोप येईना. उत्तमला मी एकदा हुकले होते. आता दुसऱ्यांदा त्याला नेणार होते आणि या खेपेला मला तारीख माहीत होती, एवढाच फरक.

त्याच सुमाराला आई आली. सीझन तोंडावर होता, दर वर्षी मिरजेला पळायची ती या वर्षी माझ्याकडं पळाली. वुडलँड्सच्या बाराव्या मजल्यावरून खाली बघून म्हणाली, "एवढी माणसं राहत्यात आणि आवाज कसा न्हाई गं?" सईशी तिचं छान जमलं. सई इंग्रजीत बोलायची, आई कोल्हापुरीत, आणि दोघी एकमेकींना रागवायच्यासुद्धा. पण सईनं एकदा विचारलं, "आजी, यू ओन्ली हॅव मम्मी, इज इट?" मी भाषांतर केलं नाही. आईनं विचारलंही नाही.

मॅचच्या दिवशी मी आईला सांगितलं, बाजारात जाऊन येते. थाप मारायची तर निदान लाल शर्ट तरी घालायचा नव्हता. आणि नेमके अंकल दारात उभे राहिले, तिकिटं हलवत, आईकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "ऑन्टी! फुटबॉल!"

तो एक शब्द आईला पक्का कळत होता. तिनं माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता ही आत जाईल, दार लावून घेईल आणि उद्याच्या विमानानं परत जायचं म्हणेल. आईनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. म्हणाली, "थांब. मी बी येतो."

मिलिंदनं सईजवळ घरी राहायचं कबूल केलं आणि अंकलनी कुठून तरी आणखी एक तिकीट मिळवलं. वाटेत मी तिचा हात धरला होता. स्टेडियमच्या तोंडाशी आली तेव्हा तिनं वाकून पायरीला हात लावला आणि कपाळाला नेला. शेजारच्या देशाची टीम होती, मैदान खच्चून भरलं होतं. थोड्या वेळानं लाट सुरू झाली, रांगांमागून रांगा उभ्या राहायच्या आणि बसायच्या. आपल्याकडं लाट आली तशी सगळे उठले, तर आईही हात जोडून उठली. "आरती हाय काय?" मला हसू आलं, आणि तिलाही जरासं आलं. वाटलं, निभावेल.

मग रेफरीनं सिंगापूरची पेनल्टी नाकारली. मला आधीच कळलं, आता येणार. मी आईचा हात आणखी घट्ट धरला. आलं. चढत आलं, थांबलं, कोसळलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आई बसल्या जागी ताठ झाली. तिचे डोळे मैदानावर नव्हतेच. गच्चीवर असायचे तसे कुठंच नव्हते, नुसते कान होते.

"काय म्हणालीत ही?"

"कायू म्हणतायत आई. म्हणजे लाकूड. इथली भाषा आहे."

"लाकूड न्हवं त्ये," आई म्हणाली. "काय वो हाय."

मी तिच्याकडं वळले. "तुला पण ऐकू आलं?"

"मला कवा ऐकू येत न्हाई?" ती म्हणाली. "चूल पेटवताना येतंय. नळाखाली येतंय. मिरजेला पळतो मी, तर मिरजेत बी येतंय. सांगू कुणाला? पेठ म्हणंल म्हातारीला याड लागलं."

इतकी वर्षं आम्ही दोघी समुद्राच्या दोन टोकांना एकच आवाज ऐकत होतो आणि एकमेकींपासून लपवत होतो. तेवढ्यात गोल झाला. सिंगापूरनं केला. कुणी, कसा, मला माहीत नाही. सगळं स्टेडियम एका झटक्यात उभं राहिलं आणि अशी आरोळी उठली की आभाळ खाली येतंय असं वाटावं. आणि त्या आरोळीत माझी आई उभी राहिली, तिनं मान मागं टाकली आणि हंबरडा फोडला.

"उत्तमाऽऽ! माझ्या सोन्याऽऽ! कुठं गेलास रंऽऽ!"

छाती बडवून, केस सुटून, खेडेगावातल्या बायका तिरडीमागं रडतात तशी. कोल्हापुरात तिला ते जमलं नव्हतं. तिथं सगळे तिच्याकडं बघत बसले होते, आता रडेल, मग रडेल. इथं पन्नास हजार माणसं गळा फाडून ओरडत होती. त्यात एका म्हातारीचं रडणं कुणाला ऐकू जाणार? तिच्या मोठ्यानं ओरडण्याला पहिल्यांदाच पुरेशी जागा मिळाली होती. पुढच्या रांगेतल्या एका पोरानं वळून बघितलं, त्याला वाटलं आनंदानं ओरडतेय. तो खूश होऊन म्हणाला, "वा, ऑन्टी पॉवर लाह!" आणि हात वर करून तिला टाळी द्यायला गेला. मीही ओरडत होते. मी काय ओरडले मला आठवत नाही. अंकल म्हणाले नंतर, तू एकसारखं 'दादा, मी आलो, दादा, मी आलो' म्हणत होतीस. त्यांना अर्थ विचारायचा होता, पण विचारला नाही. आमचे चेहरे बघून ते फक्त उठून आमच्यासमोर उभे राहिले, पाठ करून, म्हणजे कुणाला दिसू नये. आणि टिश्यूचं पाकीट मागच्या मागं पुढं केलं.

परतीच्या गाडीत आईनं मला सगळं सांगितलं. घसा बसला होता, कुजबुजल्यासारखी बोलत होती. तापात दोन दिवस कुणाला ओळखत नव्हता, मग सकाळी शुद्धीवर आला. पाणी मागितलं. 'शोभीला कळवू नका, पोटुशी हाय' म्हणाला. मग परत डोळे मिटले. ओठ कोरडे पडले होते म्हणून आईनं लोणी लावलं. "शांत दिसत हुता," ती म्हणाली. "दाढी वाढली हुती तेवढीच." आणि मग, इतक्या वर्षांत कुणी मला न म्हटलेला शब्द तिनं म्हटला. "मेला गं तो. मेला आपला उत्तम." समोरच्या सीटवरची चिनी बाई मोबाइलमध्ये बघत होती. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि वुडलँड्स येईपर्यंत उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी आईला आवाजच नव्हता. मिलिंदनं हळद घालून दूध केलं. त्याला रात्रीच मी सगळं सांगितलं होतं, आणि पहिल्यांदाच फुटबॉलवरून त्यानं चेष्टा केली नाही. सई आजीजवळ जाऊन बसली. "व्हाय आजी नो व्हॉइस?" आई बसक्या आवाजात म्हणाली, "तुझ्या मामाला हाका मारल्या. उत्तममामा. गोलकीपर हुता." सईनं विचारलं, "गुड वन ऑर नॉट?" याचं भाषांतर मी केलं. आई विचारात पडली. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नाही. "बरा हुता," ती म्हणाली. "डावीकडं जरा उशिरा झेप घ्यायचा."

आई सीझन संपायच्या आतच परत गेली. या वेळी मिरजेला नाही, पेठेत. फोटो मोठा करून घेतला आणि पुढच्या खोलीत लावला. चुलतभाऊ फोनवर म्हणाला, काकी आता मॅचच्या दिवशी दारात उभी राहून पोरांना शिव्या घालते, पूर्वी उत्तमला घालायची तशा. बरं वाटलं ऐकून.

मी मात्र वेगळ्याच पेचात पडले. स्टेडियम बंद व्हायच्या आधी अंकलबरोबर आणखी एकदा गेले. रेफरी भरपूर चुकला. लोकांनी घसा कोरडा होईपर्यंत ओरडून घेतलं. मी डोळे मिटून ऐकत होते. अर्धा श्वास आधी कुणी ओरडत नव्हतं. सगळे एकदमच ओरडत होते आणि ते 'कायू'च ओरडत होते. स्पष्ट कायू. लाकूड. मी कान देऊन देऊन थकले. आईचं ओझं उतरलं त्या संध्याकाळी माझंही उतरलं, हे खरं. पण ते ओझंच तर मी एवढी वर्षं उराशी धरून बसले होते. भूत उतरलं की माणूस मोकळा होतो म्हणतात. मोकळं झाल्यावर किती एकटं वाटतं, हे उतरवणारा सांगत नाही. अंकलनी विचारलं, "सॅड, सिस्टर? न्यू स्टेडियम व्हेरी नाइस, दे से." मी म्हटलं, असेल.

आम्ही आता सिंगापूरमध्येच, मरीन परेडला राहतो. मिलिंद अधूनमधून सिटिझनशिपचा विषय काढायचा आणि मी तो दर वेळी टाळायची. पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, पुरे आहे, आपलं घर तिकडं आहे, म्हणायची. परवा त्यानं पुन्हा विचारलं आणि मी हो म्हटलं. तो चमकला. का, म्हणून विचारत राहिला. मला नीट सांगता येईना, म्हणून हे लिहितेय. तिकडं राहिलेल्या माझ्या माणसांसाठी, आणि माझ्यासारखं उठून आलेल्या तुमच्यासाठीही, कारण हा प्रश्न तुम्हालाही कुणीतरी जेवता जेवता विचारणारच आहे.

कोल्हापूरला मी दर वर्षी जाते. फोटोला हार घालते, नमस्कार करते. तरी दिवेलागणीला माझे कान दाराकडं लागतात. तिथं तो सरावाला गेलेला असतो, येईल इतक्यात. कितीही समजावलं तरी त्या घरात माझा भाऊ मरत नाही. उत्तम आयुष्यात कधी विमानात बसला नाही, पासपोर्टही काढला नव्हता त्यानं. पण माझ्यापुरता तो मेला ते इथं, कलांगला, माझ्या डोळ्यांदेखत, अनोळखी माणसांच्या गर्दीत, आणि त्याला रडले ते मी याच गावात. माझं माणूस जिथं गेलं, त्या गावाला मी परकं कसं म्हणू?